रुळणे आणि रुळवणे : पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाचा पहिला तास

१

मराठीत वाट रुळते, नवा शब्द भाषेत रुळतो, नवखा माणूस कचेरीत रुळतो. या तिन्ही प्रयोगांत क्रियापद अकर्मक आहे. रुळण्याची क्रिया कोणी घडवून आणली, हे त्यांत सांगितलेले नसते व सांगण्याची गरजही भासत नाही. पुरेसा काळ लोटला व वापर होत राहिला, की रुळणे आपोआप घडते, असा या शब्दाचा गर्भितार्थ आहे. हेच क्रियापद यंत्राला लावले, म्हणजे हा गर्भितार्थही त्याच्याबरोबर यंत्रशाळेत शिरतो. ‘नवे इंजिन पहिले काही मैल जपून चालवावे, म्हणजे ते रुळते,’ ही सर्वपरिचित समजूत याच गर्भितार्थाचे फळ होय.

सामान्य वापराच्या नव्या मोटारीच्या बाबतीत या समजुतीने फारसे बिघडत नाही. परंतु जुने इंजिन खोलून, सिलिंडरांना नवे बोअर करून व नवे भाग घालून, मूळच्यापेक्षा अधिक शक्ती मिळावी अशा रीतीने जेव्हा ते पुन्हा बांधले जाते, तेव्हा मात्र ती फार महाग पडते. अनेक महिन्यांचे श्रम व बराच पैसा खर्चून उभे केलेले असे इंजिन पहिल्या अर्ध्या तासातच कायमचे बिघडू शकते. आणि ते नेहमी दांडगाईनेच बिघडते असे नाही, अस्थानी दाखविलेल्या हळुवारपणानेही बिघडते. त्या पहिल्या तासात धातूंच्या पृष्ठभागांवर नेमके काय घडते, आणि ‘रुळणे’ या एका शब्दाखाली किती भिन्न प्रक्रिया दडलेल्या आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात योजिले आहे.

विवेचनाला निश्चित आधार असावा म्हणून एकच इंजिन समोर ठेवणे इष्ट होईल. अमेरिकेतील शेवरोले कंपनीने १९५५ च्या मोटारींसाठी २६५ घन इंचांचे, आठ सिलिंडरांचे, ‘व्ही’ आकाराचे एक आटोपशीर इंजिन बाजारात आणले. त्याच घराण्यातील ३५० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचे इंजिन १९६७ च्या कमॅरो मोटारीत प्रथम आले. त्याच्या सिलिंडराचा व्यास ४ इंच व दट्ट्याची धाव ३.४८ इंच. सुटे भाग मुबलक व रचना सोपी असल्यामुळे अमेरिकेत हौशी व व्यावसायिक बांधणारांच्या हाती हे इंजिन पुनःपुन्हा येत राहिले. पुढील सर्व तपशील मुख्यतः याच इंजिनाला अनुलक्षून आहेत.

२

डोळ्यांना आरशासारखा भासणारा धातूचा पृष्ठभागही वस्तुतः डोंगरदऱ्यांनी व्यापलेला असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकविले असता ते केवळ शिखरांशी टेकतात. खरे स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अत्यल्प अंश असते. केंब्रिज येथील बाउडन व टेबर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या घर्षण व वंगण यांवरील ग्रंथात हा सिद्धान्त विस्ताराने मांडला. त्यापूर्वीच, १९३३ मध्ये, ॲबट व फायरस्टोन यांनी पृष्ठभागाच्या कोणत्या उंचीवर किती धातू शिल्लक आहे हे दाखविणारा एक आलेख सुचविला होता. त्या आलेखाच्या भाषेत सांगावयाचे, तर रुळणे म्हणजे शिखरे झिजून त्यांचे पठार होणे आणि दऱ्या मात्र शाबूत राहणे.

दऱ्या शाबूत राहणे हा या व्याख्येतील महत्त्वाचा भाग आहे. सिलिंडराला बोअर केल्यानंतर त्याच्या आतील भिंतीवर होनिंग करतात. फिरता फिरता वरखाली होणाऱ्या घर्षण-दगडांनी भिंतीवर तिरकस रेघांचे एकमेकांस छेदणारे जाळे उमटते. या रेघांमधील कोन बहुधा ४५ ते ६० अंशांचा ठेवतात. रेघांच्या खाचांत वंगणाचे तेल टिकून राहते, आणि खाचांमधील उंचवटे रिंगेच्या कडेला कानसाप्रमाणे घासतात. याप्रमाणे भिंत रिंगेला घडविते व रिंग भिंतीला घडविते.

ज्यांनी घरोघरी जाती पाहिली आहेत, त्यांना या प्रक्रियेचे एक अंग अपरिचित वाटणार नाही. जात्याचे दगड गुळगुळीत झाले, की त्यांना टाकी लावून घेत; आणि टाकी लावलेल्या जात्याचे पहिले दळण खाण्यासाठी वापरीत नसत, कारण त्यात दगडाची कच उतरत असे. होनिंग केलेल्या सिलिंडराचीही कच असतेच. नुसत्या रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसल्यास ती रेघांत आणखी खोल दडते. म्हणून गरम पाणी, साबण व ब्रश यांनी सिलिंडर धुवावा लागतो, आणि तेल लावलेले पांढरे फडके आत फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धुणे थांबवावयाचे नसते. ही कच राहून गेली, तर पुढील कोणतीही काळजी इंजिनाला वाचवू शकत नाही. साम्य येथे संपते. जात्याची टाकी धान्य फोडण्यासाठी असते. सिलिंडरावरील रेघा तेल धरण्यासाठी व रिंग बसविण्यासाठी असतात.

३

दट्ट्याभोवतीची धातूची चिरलेली रिंग ही इंग्लंडमधील जॉन रॅम्सबॉटम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाष्पयंत्रासाठी दिलेली देणगी होय. ही रिंग भिंतीला कशाच्या बळावर चिकटून राहते, या प्रश्नाचे सामान्य उत्तर ‘स्वतःच्या ताणाच्या बळावर’ असे दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. रिंगेचा स्वतःचा ताण माफक असतो. वायूचा स्फोट झाला म्हणजे तप्त वायू रिंगेच्या वरून तिच्या पाठीमागील खोबणीत शिरतो व तिला आतून भिंतीवर दाबतो. इंजिनावर पूर्ण भार असताना हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नासपटीहूनही अधिक होतो. उलट, इंजिन भाराविना संथ फिरत असताना तो त्या मानाने अगदीच थोडा असतो.

यावरून एक निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो. रिंग भिंतीवर बसावयाची, तर तिच्यामागे दाब हवा. दाब हवा, तर इंजिनावर भार हवा. जपून, कमी भाराने, तासन्‌तास चालविलेल्या इंजिनात रिंग भिंतीवर पुरेशी दाबली जात नाही. तिच्याखालून तेल निसटते, ते उष्णतेने जळते व त्याचा लुकणासारखा थर रेघांच्या खाचांत साचतो. इंग्रजी बोलणारे कारागीर यास ‘ग्लेझिंग’ म्हणतात. खाचा बुजल्या, की भिंतीचा कानस बोथट होतो. आणि एकदा तो बोथट झाला, की नंतर कितीही भार दिला तरी रिंग नीट बसत नाही. इंजिन तेल खाऊ लागते, एक्झॉस्टमधून निळसर धूर निघतो, वायू रिंगेला ओलांडून खाली क्रँककेसमध्ये शिरतो. यावर उपाय एकच : इंजिन पुन्हा खोलून भिंतीवर नव्याने होनिंग करणे.

याचा अर्थ पहिल्या क्षणापासून इंजिन पूर्ण शक्तीने पिटाळावे असा नव्हे. शिखरे झिजताना घर्षणाने उष्णता निर्माण होते; ती बाहेर जाण्यास अवसर न मिळाल्यास रिंग व भिंत जागोजाग वितळून एकमेकींना चिकटतात व ओरखडे पडतात. शिवाय तापलेल्या रिंगेची लांबी वाढते. तिच्या दोन टोकांमधील फट पुरेशी नसेल, तर टोके एकमेकांवर आदळून रिंग तुटते. सामान्यतः सिलिंडराच्या व्यासातील प्रत्येक इंचामागे ४ सहस्रांश इंच, म्हणजे प्रस्तुत इंजिनात सुमारे १६ सहस्रांश इंच फट ठेवतात. टर्बोसारख्या साधनांनी शक्ती वाढविली असल्यास ती अधिक ठेवावी लागते. तात्पर्य, रिंगेला भार हवा, परंतु तो थोड्या थोड्या वेळाचा, मध्ये विसावा असलेला हवा.

४

याच इंजिनात, रिंगांपासून काही इंचांवर, अगदी वेगळ्या स्वभावाची एक जोडी असते : कॅम व टॅपेट. कॅमशाफ्टवरील उंचवटा टॅपेटला वर ढकलतो व त्यामुळे झडप उघडते. चपट्या टॅपेटच्या इंजिनात हा उंचवटा टॅपेटच्या तळावर सरळ घासत जातो. टॅपेटचा तळ नावाला चपटा असला, तरी तो किंचित फुगीर असतो व कॅमचा माथा किंचित उतरता असतो. हे दोन्ही फरक एकदोन सहस्रांश इंचांचेच. परंतु त्यांच्या योगे टॅपेट आपल्या जागी स्वतःभोवती फिरत राहतो व झीज त्याच्या साऱ्या तळावर सारखी वाटली जाते. टॅपेट फिरण्याचे थांबले, की कॅमचा माथा काही मिनिटांत घासून जातो, आणि त्यातून निघालेला लोखंडाचा चुरा तेलाबरोबर सर्व बेअरिंगांत पोहोचतो.

या जोडीचा खरा शत्रू म्हणजे संथ गती. त्याची कारणे दोन. शेवरोलेच्या या इंजिनात कॅमच्या माथ्यांना तेल पोहोचविणारी वेगळी नळी नाही. क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या तुषारांवरच त्यांची मदार असते, आणि गती संथ असेल तर तुषार कमी उडतात. दुसरे असे, की संथ गतीत झडपेच्या स्प्रिंगचा सर्व जोर कॅमच्या शेंड्यावर येतो. गती वाढल्यावर झडपेच्या व टॅपेटच्या जडत्वामुळे त्यातील काही भाग तेथे हलका होतो. अधिक शक्तीच्या इंजिनात स्प्रिंगा अधिक ताठ घालतात, म्हणून धोकाही अधिक. दुहेरी स्प्रिंगा असल्यास आतील स्प्रिंग या प्रारंभिक काळापुरती काढून ठेवण्याची रीत याच कारणाने पडली.

म्हणून नवा कॅमशाफ्ट बसविलेले इंजिन सुरू होताच मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर नेतात व २० ते ३० मिनिटे, फेरे थोडे कमीअधिक करीत, त्याच्या खाली येऊ देत नाहीत. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. अर्थात वीस मिनिटांत प्रत्येक कॅम टॅपेटवरून सुमारे वीस हजार वेळा घासून जातो. त्या जोडीचे भवितव्य या वीस हजार फेऱ्यांत ठरते.

येथे तेलाच्या रसायनाचाही संबंध येतो. जस्त व फॉस्फरस असलेले झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे द्रव्य १९४० च्या दशकापासून तेलात मिसळले जाऊ लागले. दाब व उष्णता जेथे सर्वाधिक, नेमका तेथेच त्याचा काचेसारखा पातळ थर जमतो व धातूला धातू भिडण्यापासून वाचवितो. परंतु एक्झॉस्टमधील विषारी वायू शुद्ध करणारे जे उत्प्रेरक साधन अमेरिकेत १९७५ च्या मोटारींपासून सर्रास बसविले जाऊ लागले, त्याला फॉस्फरस मारक ठरतो. यास्तव तेलातील त्याचे प्रमाण उत्तरोत्तर कमी करण्यात आले. २००४ च्या ‘एसएम’ या अमेरिकन श्रेणीत पातळ तेलांसाठी त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठरली. रोलर टॅपेटच्या इंजिनांना त्याने बाध येत नाही. चपट्या टॅपेटच्या जुन्या इंजिनासाठी मात्र दुकानातील साधे आधुनिक तेल पुरे पडेलच असे नाही. पहिल्या तासासाठी हे द्रव्य अधिक असलेले, व घर्षण कमी करणारी इतर द्रव्ये नसलेले, खास तेल वापरावे लागते.

५

तिसरी जोडी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची. जर्मन अभियंते रिखार्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ साली दाखवून दिले, की गती, भार व तेलाचा दाटपणा यांच्या परस्परप्रमाणावर घर्षणाचे स्वरूप अवलंबून असते. एका मर्यादेपलीकडे दोन्ही पृष्ठभाग तेलाच्या पापुद्र्यावर तरंगू लागतात व धातू धातूला शिवतच नाही. बेअरिंगांचे काम याच अवस्थेत चालावे अशी त्यांची घडण असते. शाफ्टच्या व्यासातील दर इंचामागे सुमारे एक सहस्रांश इंच मोकळीक ठेवावी, असा बांधणारांचा स्थूल नियम आहे. ती मोकळीक म्हणजे तेलाच्या पापुद्र्याची जागा होय.

बेअरिंगांच्या बाबतीत, म्हणून, रुळणे हा शब्दच गैरलागू आहे. रिंगेला झीज हवी असते, कॅमला मोजकी झीज सोसावी लागते, बेअरिंगाला झीज मुळीच नको असते. त्याची मागणी एकच : पहिला फेरा होण्यापूर्वी तेल पोहोचलेले असावे. शेवरोलेच्या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्यूटरच्या खालच्या टोकाने फिरतो. तेव्हा डिस्ट्रिब्यूटर काढून त्या जागी एक दांडा घालतात व तो हाताच्या ड्रिलने फिरवून, इंजिन सुरू न करताच, पंप चालवितात. क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवीत राहून सर्व रॉकरांपाशी तेल झिरपताना दिसले, म्हणजे ही पूर्वतयारी झाली.

६

एकाच इंजिनातील तीन जोड्यांच्या मागण्या याप्रमाणे परस्परांहून भिन्न, किंबहुना काही अंशी विरोधी आहेत. कॅमला तात्काळ गती हवी व भार नको. रिंगांना भार हवा व त्याला विलंब नको. बेअरिंगांना या दोहोंच्या आधी तेल हवे. यांचा मेळ घालावयाचा तो क्रमाने. प्रथम तेल, नंतर गती, नंतर भार, असा हा क्रम आहे.

तेल फिरवून झाल्यावर प्रज्वलनाची वेळ आधीच जुळवून ठेवतात व कार्ब्युरेटरात पेट्रोल भरतात, जेणेकरून इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू व्हावे. स्टार्टरने बराच वेळ रगडत राहिल्यास कॅमवर चोपडलेले दाट वंगण पुसले जाते व त्या संथ फेऱ्यांत माथे कोरडे पडतात. इंजिन सुरू होताच गती दोन हजारांवर न्यावयाची. तेलाचा दाब न दिसल्यास, पाणी तापू लागल्यास किंवा कोठे गळती आढळल्यास संथ करीत बसण्याऐवजी इंजिन सरळ बंद करावयाचे व दोष दूर करून पुन्हा थेट त्याच गतीवर न्यावयाचे.

ही वीस-तीस मिनिटे भाराविना जात असल्यामुळे रिंगांच्या दृष्टीने ती फुकट, किंबहुना थोडी धोक्याचीच असतात. म्हणून ती लांबवीत नाहीत. तेल व गाळणी बदलतात. जुनी गाळणी कापून तिच्या कागदाच्या घड्या तपासतात. बारीक करडी भुकटी दिसणे स्वाभाविक आहे. चमकणारे कण वा चकत्या दिसल्यास पुढे जाण्यात अर्थ नाही. हे तेल म्हणजे टाकी लावलेल्या जात्याचे पहिले दळण. ते टाकूनच द्यावयाचे असते.

त्यानंतर मोटार रस्त्यावर आणतात. वरच्या गिअरमध्ये ताशी ३० मैलांवरून ५० मैलांपर्यंत बऱ्यापैकी जोराने वेग वाढवावयाचा, मग थ्रॉटल पूर्ण मिटून गाडीला गिअरमध्येच मंदावू द्यावयाचे, आणि असे दहाबारा वेळा करावयाचे. वेग वाढताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबतो. मंदावताना सिलिंडरात निर्वात होऊन तेल वर ओढले जाते व ते रिंगांना थंड करते, सुटलेले कण धुऊन नेते. भार व विसावा यांचे हे आवर्तन हेच रिंगा बसविण्याचे मर्म आहे. पुढील ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, गती व भार सतत बदलते ठेवून, एकाच वेगाने लांब पल्ला न गाठता, काढावयाचे व पुन्हा तेल बदलावयाचे. बसण्याचे बहुतेक काम मात्र पहिल्या काही मैलांतच आटोपलेले असते.

७

निरनिराळ्या भाषांनी या प्रक्रियेला दिलेली नावे आता पाहण्यासारखी आहेत. अमेरिकन इंग्रजीतील ‘ब्रेक-इन’ हा प्रयोग घोडा वठणीवर आणण्याच्या अर्थाशी निगडित आहे. त्यात स्वाराचा अंमल गृहीत आहे. ब्रिटिश इंग्रजीतील ‘रनिंग-इन’ आणि जर्मनमधील ‘आइनफारेन’ यांत नुसते चालविणे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये नव्या मोटारींच्या मागील काचेवर ‘रनिंग इन, प्लीज पास’ अशी पाटी दिसे. मागून येणाराने या संथ गाडीला ओलांडून पुढे जावे, असे तिचे सांगणे होते. जपानीतील ‘नाराशी उंतेन’ याचा अर्थ सवय लावण्यासाठी चालविणे. फ्रेंच ‘रोदाज’ मात्र घासण्याचे नाव आहे. झडप तिच्या बैठकीवर घासून बसविण्यालाही फ्रेंच कारागीर तेच नाव देतो. हा शब्द कुरतडणे या अर्थाच्या लॅटिन ‘रोदेरे’ या क्रियापदापर्यंत पोहोचतो, आणि त्याचे नाते संस्कृतातील ‘रद्’ या धातूशी जोडले जाते. दात या अर्थाचे ‘रद’ व ‘रदन’ हे शब्द याच धातूचे.

यांपैकी पदार्थविज्ञानाच्या सर्वांत जवळचे नाव फ्रेंचांचे म्हणावे लागेल, कारण सवय, गती वा काळ यांपैकी कशाचाही आधार न घेता ते थेट दोन पृष्ठभागांकडे बोट दाखविते. तथापि तेही अपुरेच, कारण बेअरिंगांना घासणे लागू पडत नाही. रोजच्या व्यवहारातील शब्दाने तीन प्रक्रियांचे वेगळेपण सांगावे अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे. ते काम शास्त्राचे; आणि घर्षण, झीज व वंगण यांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्रालाही ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या १९६६ च्या अहवालानंतरच रूढ झाले. तेही घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविलेले आहे.

शेवरोलेने १९८७ पासून मोटारींच्या या इंजिनात रोलर टॅपेट आणले. कॅमची पहिली वीस मिनिटे त्यामुळे अनावश्यक झाली. शिखरे कारखान्यातच कापून पठार तयार करणाऱ्या होनिंगने रिंगांचेही बरेचसे काम आधीच उरकले जाऊ लागले. आधुनिक मोटारीच्या पुस्तिकेतील सूचना सौम्य असतात, याचे कारण हे. त्या सूचना चपट्या टॅपेटच्या पुनर्बांधित इंजिनाला जशाच्या तशा लावणे म्हणजे नव्या अर्थाने जुना ग्रंथ वाचण्यासारखे आहे.

मराठीपुरते बोलावयाचे, तर वेगळा पारिभाषिक शब्द घडविण्याची निकड दिसत नाही. व्याकरणाने दिलेले प्रयोजक रूप नेमके वापरले तरी पुरे. इंजिन रुळत नाही, ते रुळवावे लागते. प्रयोजक रूप आले, की रुळविणारा कोण, तो काय रुळवितो, कशाने व कोणत्या क्रमाने, हे प्रश्न वाक्यातच उभे राहतात. आणि पुनर्बांधणी केलेल्या इंजिनाच्या पहिल्या तासात नेमकी याच प्रश्नांची उत्तरे बांधणाराजवळ तयार असावी लागतात.